वीस वर्षांची एलायझा : ज्यूली अँड्र्यूजची स्तुती आणि त्यामागची तालीम

१५ मार्च १९५६ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरात ‘माय फेअर लेडी’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि सकाळच्या वर्तमानपत्रांनी नाटक डोक्यावर घेतलं. ‘हेरल्ड ट्रिब्यून’च्या वॉल्टर करने वाचकांना सरळ सांगून टाकलं, की हे परीक्षण पुरं वाचत बसू नका, आधी बसून तिकिटं मागवा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ब्रूक्स ॲटकिन्सनने एलायझाचं काम करणाऱ्या मुलीची तोंडभरून स्तुती केली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची गबाळी पोर ते सुसंस्कृत स्त्री, हा तिच्यातला बदल त्याला सुंदरही वाटला आणि हृद्यही. ती मुलगी, ज्यूली अँड्र्यूज, तेव्हा वीस वर्षांची होती.

याच मुलीचं काय करायचं, हा प्रश्न जानेवारीच्या तालमींत नाटकवाल्यांना पडला होता. मुख्य नट तिच्यावर नाराज, दिग्दर्शक चिंतेत, आणि खुद्द तिलाही आपल्याला हे जमत नाही हे कळत होतं. जानेवारीतली अडखळणारी मुलगी आणि मार्चमधली कौतुकाची धनीण यांच्यामध्ये काय घडलं, आणि परीक्षणांनी त्यातलं किती पाहिलं, हे या प्रकरणात तपासायचं आहे.

आपल्याकडे संगीत नाटकात एखादी तरुण नटी चमकली की परीक्षणाचा साचा ठरलेला असतो. गाणं गोड, अभिनय सहजसुंदर, भूमिकेला पुरेपूर न्याय. हे वाचून ती रंगमंचावर नेमकं काय करत होती याचा पत्ता लागत नाही. न्यूयॉर्कचे समीक्षकही याला फार अपवाद नव्हते, आणि म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

आवाज आधी, नट नंतर

ज्यूलीचा जन्म १ ऑक्टोबर १९३५ चा, लंडनजवळच्या वॉल्टन-ऑन-थेम्सचा. आई पियानो वाजवायची, सावत्र वडील टेड अँड्र्यूज म्युझिक हॉलमधले गायक. पोरीच्या गळ्यात वयाच्या मानाने अचाट पल्ला आहे हे ध्यानात आल्यावर तिला लिलियन स्टाइल्स-ॲलन या गायिकेकडे शिकायला पाठवलं गेलं. बाराव्या वर्षी, २२ ऑक्टोबर १९४७ ला, तिने लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये ‘स्टारलाइट रूफ’ या कार्यक्रमात ऑपेरातलं एक अवघड पद म्हटलं आणि प्रेक्षकांनी कार्यक्रम अडवून धरला. पुढच्याच वर्षी लंडन पॅलेडियममध्ये राजघराण्यासमोर गायली. त्यानंतरची काही वर्षं रेडिओ, दौरे आणि नाताळातले पँटोमाइम यांत गेली. पँटोमाइम म्हणजे परीकथेवरचा गाण्याबजावण्याचा, विनोदाचा, सगळ्या कुटुंबाने जाऊन बघायचा खेळ.

या शिक्षणात एक मोठी फट होती, आणि ती तिच्या पुढच्या अडचणीचं मूळ आहे. गाणं, उभं राहणं, वाद्यवृंदाशी जुळवून घेणं, प्रेक्षकांना न घाबरणं हे सगळं ती पोरवयातच शिकली. पण रागावलेली, अपमान झालेली, दुसऱ्याला तोडून बोलणारी बाई उभी करायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पँटोमाइमच्या नायिकेचं काम गोड असणं आणि वरच्या सुरात जाणं, एवढंच. संगीत रंगभूमीवर गळ्याच्या जोरावर लहानपणी आलेल्या मुलांचं सगळीकडेच असं होतं. आवाज आहे ना, मग बाकीचं होईल, असं घरचेही धरून चालतात आणि कंपनीवालेही.

लटकं नाटक, पण खरं खेळायचं

१९५३ मध्ये ज्यूली पॅलेडियमच्या पँटोमाइममध्ये सिंड्रेला झाली होती. तिथे ‘द बॉय फ्रेंड’ची दिग्दर्शिका व्हिडा होप हिने तिला पाहिलं. सँडी विल्सनच्या या नाटकात १९२० च्या दशकातल्या संगीत नाटकांची लाडिक टिंगल होती. लंडनमध्ये ते तुफान चाललं होतं आणि अमेरिकेसाठी नवा संच हवा होता. पॉली ब्राउन ही नायिका ज्यूलीला मिळाली. निर्मात्यांना दोन वर्षांचा करार हवा होता. घरापासून इतकं दूर राहायचं तिच्या जिवावर आलं आणि तिने एकाच वर्षाला होकार दिला. हा तपशील पुढे लागणार आहे.

न्यूयॉर्कमध्ये निर्मात्यांनी नाटकाचा नूर बदलला. टिंगल अधिक ठळक, अधिक मोठ्या आवाजात हवी होती. लेखक आणि दिग्दर्शिका दोघांनाही बाजूला सारलं गेलं. निर्मात्यांपैकी साय फॉयर तालमी स्वतः घेऊ लागला. या ओढाताणीत ज्यूली गोंधळली आणि हशा मिळवण्याच्या मागे लागली. पहिल्या प्रयोगाच्या तोंडावर फॉयरने तिला थिएटरबाहेरच्या आगीच्या जिन्यावर बसवून समजावलं : सगळे नखरे सोड, पॉलीवर मनापासून विश्वास ठेव, तिला होतं ते दुःख खरं आहे असं समज आणि तसंच खेळ. पुढे मुलाखतींमधून आणि आत्मकथनात तिने हा प्रसंग आवर्जून सांगितला आहे.

३० सप्टेंबर १९५४ ला रॉयल थिएटरात नाटक लागलं. दुसऱ्या दिवशी ती एकोणीस वर्षांची झाली, आणि ॲटकिन्सनचं परीक्षण छापून आलं. ते मला १९५६ च्या त्याच्याच परीक्षणापेक्षा सरस वाटतं. नाटकाला वेगळी चव येते ती बहुधा या मुलीमुळे, असं तो म्हणतो आणि मग कारण देतो. पॉलीच्या मिळमिळीतपणाची ती थट्टा करते, तिचे अडखळते हातवारे आणि लाजरेपणा हसवतो, पण त्या कामात उपरोधापलीकडचं अस्सलही काही आहे. म्हणजे एकाच वेळी दोन पातळ्यांवर काम चाललं आहे हे त्याने ओळखलं. जिन्यावर काय बोलणं झालं ते त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी त्या बोलण्याचा परिणाम त्याने बरोबर हेरला. नटीला उपयोगी पडणारी स्तुती अशी असते. कुठलं काम जमलंय ते तिला कळतं, आणि कुठलं सोडायचं नाही तेही.

‘द बॉय फ्रेंड’चे ब्रॉडवेवर ४८५ प्रयोग झाले. ज्यूलीचा करार मात्र वर्षाचा. तो संपत आला त्याच सुमारास ‘माय फेअर लेडी’चे लेखक-गीतकार ॲलन जे लर्नर आणि संगीतकार फ्रेडरिक लो एलायझा शोधत होते.

शॉची फुलवाली

‘माय फेअर लेडी’ उभं राहिलं ते बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावर, आणि त्याला संगीत लावणं सोपं नव्हतं. शॉ हयात असेतो त्याने कुणाला ते करू दिलं नाही. त्याच्या दुसऱ्या एका नाटकाचं ऑपेरेटा, म्हणजे हलकंफुलकं संगीत नाटक, झालं होतं, त्याचा राग तो कधीच विसरला नाही. १९५० मध्ये तो गेला. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या नामवंत संगीतकार-गीतकार जोडीनेही हात घालून पाहिला आणि सोडून दिला. लर्नर-लो जोडीने आधी मेरी मार्टिन या ब्रॉडवेच्या गाजलेल्या नटीला गाणी ऐकवली होती. तिला ती आवडली नाहीत. मग ‘द बॉय फ्रेंड’मधल्या इंग्लिश मुलीकडे लक्ष गेलं. त्याच दिवसांत ज्यूली रॉजर्सच्या नव्या नाटकासाठीही गाऊन दाखवायला गेली होती. लर्नर-लोंनी विचारलं तर त्यांचंच घे, असा सल्ला रॉजर्सने स्वतःचं नुकसान सोसून दिला. दोन वर्षांचा करार केला असता तर हा सल्ला ऐकायची वेळच आली नसती.

भूमिकेच्या मागण्या नीट पाहायला हव्यात. एलायझा कॉव्हेंट गार्डनच्या फुटपाथवर फुलं विकते, लंडनच्या पूर्वेकडची कॉकनी बोली बोलते. उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स पैज लावून तिला सहा महिन्यांत उमराव घराण्यातली वाटेल अशी घडवतो. नटीला दोन बोली लागतात, दोन चाली लागतात, आणि हे संगीत नाटक असल्याने दोन गळेही लागतात. हिगिन्सला शिव्याशाप देणारं पद छातीतून, खरखरीत यायला हवं. बोली सुधारल्या रात्रीचं आनंदाचं पद वरच्या पट्टीत, मोकळं. शेवटी ती हिगिन्सला सुनावते तेव्हा गोडव्याचा उपयोग शून्य. समोर अठ्ठेचाळीस वर्षांचा रेक्स हॅरिसन, शॉचे संवाद ज्याच्या जिभेवर खेळतात असा मुरलेला नट. बापाच्या भूमिकेत पासष्टीचा स्टॅन्ली हॉलोवे.

वॉल्टनच्या या मुलीला कॉकनी येत नव्हती. ती शिकवायला न्यूयॉर्कमध्ये एक अमेरिकन उच्चारतज्ज्ञ ठेवावा लागला. इंग्लंडच्या मुलीला लंडनची बोली अमेरिकन माणूस शिकवतोय, यावर शॉने एखादी प्रस्तावना लिहिली असती.

दोन दिवस, बंद थिएटर

३ जानेवारी १९५६ ला तालमी सुरू झाल्या. दिग्दर्शक मॉस हार्ट स्वतः नाटककार, पेचातून वाट काढण्यात तरबेज. थोड्याच दिवसांत दिसून आलं की गाणी सुरू झाली की ज्यूली उजळते आणि संवाद आले की विझते. हॅरिसनने आपली नाराजी लपवली नाही. हार्टने तेव्हा जे केलं ते दिग्दर्शकांनी लक्षात ठेवावं. त्याने सगळ्या संचाला दोन दिवस सुट्टी दिली आणि ज्यूलीला एकटीला घेऊन थिएटरात बसला. सुरुवातीलाच तिला सांगितलं, की हा चोरलेला वेळ आहे, यात शिष्टाचाराला जागा नाही, आणि माझ्या बोलण्याचा राग मानायचा नाही. मग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, प्रवेशामागून प्रवेश. इथे मुलगी शाळकरी वाटतेय. हे वाक्य गाणाऱ्यासारखं म्हटलंस, भांडणाऱ्यासारखं म्हण. हातातली वस्तू अशी धर. तो रागावला, चुचकारलं, कधी स्वतः करून दाखवलं.

घरी गेल्यावर हार्टच्या बायकोने, किटी कार्लाइलने, कसं चाललंय विचारलं. पोरगी तरेल, असं तो म्हणाला. तिच्यात ते भयंकर ब्रिटिश बळ आहे, ते पाहिलं की या लोकांनी हिंदुस्थान कसा काय गमावला असा प्रश्न पडतो. हा किस्सा किटीनेही सांगितला आणि पुढे ज्यूलीनेही. हिंदुस्थान जाऊन तेव्हा नऊ वर्षंही झाली नव्हती.

करून दाखवून शिकवण्याला आपल्याकडे नाक मुरडणारे आहेत. नटाने आतून शोधावं, वगैरे. मला ते पटत नाही, निदान या प्रसंगात तरी. रागाचं व्याकरणच जिला कुणी शिकवलं नाही अशा वीस वर्षांच्या मुलीला ‘आतून शोध’ म्हणणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. हार्टने तिला बाहेरून सांगाडा दिला, पुढे त्यात तिने जीव भरला. दोन दिवसांत ती एलायझा झाली नाही. एलायझा कशी असते ते तिला दिसलं, इतकंच, आणि उरलेले दोन महिने ती तिकडे जात राहिली.

४ फेब्रुवारीला न्यू हेवनमध्ये पहिला बाहेरगावचा प्रयोग होता. बाहेर बर्फाचं वादळ. ऐन वेळी प्रयोग नाकारला तो ज्यूलीने नव्हे, रेक्स हॅरिसनने. भरल्या वाद्यवृंदासमोर गायचं या विचाराने त्याचे पाय लटपटले. मनधरणी होऊन तो शेवटच्या तासाभरात उभा राहिला. ज्या भीतीने त्याला गाठलं तिचा ज्यूलीला बाराव्या वर्षापासून सराव होता. तालमीतला तिचा तोटा आणि रंगमंचावरचा तिचा फायदा एकाच बालपणातून आले होते.

समीक्षकांनी काय पाहिलं

आता मार्चमधल्या परीक्षणांकडे. बहुतेकांनी स्तुती केली ती परिवर्तनाची. पण फुलवालीची राजकन्या होणं, हे कुणाचं श्रेय? थोडं शॉचं आणि लर्नरचं, कारण शिकवणीचा काळ नाटकात छोट्या छोट्या तुकड्यांत, दिवे मालवत-उजळत उरकला जातो आणि प्रेक्षक मधल्या जागा स्वतः भरतात. बरंच सेसिल बीटनच्या वेशभूषेचं. मेजवानीला निघालेली एलायझा जिन्यावरून उतरते तेव्हा टाळ्या पडतात त्यांत कापडाचा वाटा मोठा असतो. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ते नटीचं.

माझ्या मते ते ॲस्कॉटच्या घोडशर्यतीच्या प्रवेशात सर्वांत स्वच्छ दिसतं. एलायझाचे उच्चार तिथे निर्दोष झालेले असतात, पण बोलायचं काय हे तिला ठाऊक नसतं. मावशी कशी मेली, नव्हे, घरच्यांनीच तिचा कसा काटा काढला, हे ती उमरावांच्या बायकांना अत्यंत शुद्ध स्वरांत ऐकवते. नटीने इथे डोळा मिचकावला, ‘बघा मी किती गमतीशीर बोलतेय’ असं सुचवलं, की प्रवेश पडला. एलायझाला यात काहीही विनोदी वाटत नाही, ती जीव तोडून परीक्षा देतेय. जिन्यावर बसून फॉयरने दिलेला धडाच इथे कामाला येतो : लटक्या चौकटीत खऱ्या मनाने उभं राहायचं. १९५४ मध्ये ॲटकिन्सनने ज्या अस्सलपणाची नोंद केली होती, त्यावरच १९५६ चा हा प्रवेश तोलला गेला. हार्टने भर घातली ती रागाची. फॉयरने दिलं ते तिच्याकडे आधीच होतं.

परीक्षणांनी हा दुवा जोडला नाही. एका रात्रीत पाहून पहाटेआधी मजकूर द्यायचा तर तो जुळणं कठीणच, हे मान्य. पण त्याचा परिणाम असा झाला की एक तेजस्वी मुलगी आकाशातून पडली, असा समज पसरला. पुरस्कारांच्या वेळी नाटकाला अमेरिकन रंगभूमीचे सहा टोनी पुरस्कार मिळाले, हॅरिसनलाही मिळाला. ज्यूलीचं नामांकन झालं, पण १९५७ चा संगीत नाटकातल्या नटीचा पुरस्कार ‘बेल्स आर रिंगिंग’साठी जुडी हॉलिडेला गेला.

तीच कथा, मराठीत

एलायझाची गोष्ट आपल्याला परकी नाही. पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ १९७५ ची. भक्ती बर्वे यांचं ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत ज्या जागी येतं, साधारण त्याच जागी न्यूयॉर्कची एलायझा शिव्याशापांचं पद गाते. तिथे सूर नाहीत, पण लय आहे, आणि भक्ती बर्वे यांनी ती लय अशी पेलली की नाटक न पाहिलेल्यांनाही ते स्वगत पाठ असतं.

संगीत नाटकाच्या अंगाने पाहायचं तर त्याआधीची, १९७२ ची, विद्याधर गोखल्यांची ‘स्वरसम्राज्ञी’ जास्त जवळची. तमाशातली मुलगी शास्त्रीय गायिका होते, हा तिचा गाभा. संगीत नीळकंठबुवा अभ्यंकरांचं. नायिका कीर्ती शिलेदार, जयराम आणि जयमाला शिलेदारांची लेक, वय वीसच्या आसपास. त्यांचंही बालपण विंगेत गेलेलं. या नाटकात घडतात ते उच्चार नव्हे, गळा. त्यामुळे गाणं हाच अभिनय होतो. पहिल्या अंकात लावणीच्या बाजाचा उघडा, रांगडा स्वर, नंतर घराण्याच्या शिस्तीतला. तयार गळ्याच्या गायिकेने न शिकलेल्या मुलीचं गाणं गायचं, तेही बेसूर न होता! अशा कामाबद्दल ‘गायन उत्कृष्ट’ एवढंच लिहिणाऱ्याने नाटक पाहिलंय का अशी शंका यावी. पदाला किती वन्समोअर मिळाले हे मोजणं सोपं असतं, म्हणून आपण तेच मोजत आलो.

स्तुती कुठपर्यंत चालते

‘माय फेअर लेडी’चे ब्रॉडवेवर २,७१७ प्रयोग झाले. ज्यूली आठवड्याला आठ प्रयोग करत राहिली, मग ३० एप्रिल १९५८ पासून लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये. मधेच, १९५७ च्या मार्चमध्ये, तिने दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात ‘सिंड्रेला’ केली, ती कोट्यवधींनी पाहिली. ऑगस्ट १९५९ मध्ये तिने एलायझा सोडली. साडेतीन वर्षं. समीक्षकांनी त्यातली एक रात्र पाहिली होती.

चित्रपटाचे हक्क वॉर्नर ब्रदर्सने पंचावन्न लाख डॉलरला घेतले. हॅरिसनला बोलावलं, हॉलोवेलाही. एलायझा मात्र ऑड्री हेपबर्न. जॅक वॉर्नरचं गणित रोखठोक होतं : गावोगावच्या चित्रपटगृहांत ज्यूलीचं नाव कुणाला ठाऊक नाही. नाट्यसमीक्षकांच्या शब्दाला न्यूयॉर्क-लंडनच्या तिकीटबारीवर वजन होतं, त्यापलीकडे नव्हतं. मला यात वॉर्नरचा दुष्टपणा दिसत नाही, हिशेबी भित्रेपणा दिसतो. हेपबर्नची बहुतेक गाणी शेवटी मार्नी निक्सनच्या आवाजात आली, म्हणजे ज्या गळ्यासाठी भूमिका रचली तो गळा तिसरीकडूनच आणावा लागला. दरम्यान ‘कॅमलॉट’ नाटकात ज्यूलीला पाहून वॉल्ट डिस्नेने ‘मेरी पॉपिन्स’ देऊ केला. १९६५ च्या ऑस्कर समारंभात ‘माय फेअर लेडी’ला आठ पुरस्कार मिळाले आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, ‘मेरी पॉपिन्स’साठी, ज्यूली अँड्र्यूज. हेपबर्नचं नामांकनही नव्हतं. त्याआधी गोल्डन ग्लोब घेताना ज्यूलीने हे सारं शक्य करणारे म्हणून जॅक वॉर्नर यांचे हसत हसत आभार मानले होते.

अभ्यासासाठी आज काय हाती लागतं? मूळ प्रयोगाचं सबंध चित्रीकरण नाही. २५ मार्च १९५६ ला, एका रविवारी, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एका दिवसात केलेलं ध्वनिमुद्रण आहे, आणि लंडनच्या संचाचं १९५९ मधलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण. हिगिन्सला शाप देणारं पद दोन्हींत ऐकावं. मधल्या कडव्यात एलायझा आपण मोठ्या झाल्याचं, राजाने सन्मान केल्याचं स्वप्न रंगवते, तिथे आवाज क्षणभर गोलसर, खानदानी होतो आणि पुन्हा फुटपाथवर येतो. १९५९ मध्ये हा सांधा बेमालूम झाला आहे, स्वर जास्त भरदार आहे. १९५६ मध्ये तो सांधा कळतो, रागात जरा घाई आहे. शिकवायला मी दुसरं ध्वनिमुद्रण वापरीन, ऐकायला पहिलं.